दादरच्या पुलावर वाट चुकते, तेव्हा एमएसमध्ये मेंदूत काय चाललेलं असतं?

प्रश्न: माझी पत्नी ३८ वर्षांची आहे. नऊ वर्षांपूर्वी तिला एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं, निदान झालं. औषधं नियमित चालू आहेत, चालणं-फिरणं व्यवस्थित आहे. ती सरकारी बँकेत आहे, डोंबिवली ते दादर असा रोजचा प्रवास. गेल्या सहा महिन्यांत दादर स्टेशनच्या पुलावर ती दोनदा वाट चुकली. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं एका कोपऱ्यात उभी राहिली आणि शेवटी मला फोन केला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकते, दोघं एकदम बोलायला लागले की चिडते. एमआरआयमध्ये नवा डाग नाही. आई म्हणते, हिचं लक्षच नसतं. तिला स्वतःला वाटतं, आपल्याला वेड लागतंय. हे एमएसमुळे आहे का? अल्झायमरची सुरुवात तर नाही? तिला एकटीला पाठवणं बंद करू का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक घरांत पहिला निर्णय त्याचाच होतो आणि बहुधा चुकीचा होतो. एकटीनं जाणं बंद करू नका, निदान आत्ता तरी नको. राहिलेल्या दोन प्रश्नांबद्दल सांगायचं तर हे एमएसमुळे असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून अल्झायमरसारखं काही वाटत नाही. मी एकवीस वर्षं पुण्यात न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आजारांत विचारशक्ती आणि स्मरण तपासणारा, म्हणून काम करतोय, त्यातली बरीचशी एमएसच्या पेशंटांसोबत गेली आहेत. पण तुमच्या पत्नींना मी तपासलेलं नाही, तेव्हा याला निदान समजू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना काय विचारायचं, याची तयारी समजा.

तुमच्या लिहिण्यातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं वाक्य म्हणजे 'कोपऱ्यात उभी राहिली आणि फोन केला'. आपण चुकलो हे त्यांना कळलं. गर्दीतून बाजूला व्हायचं सुचलं. कुणाला फोन करायचा ते आठवलं आणि तुम्ही सांगितल्यावर त्या घरी पोचल्या. अल्झायमरमध्ये वाट चुकणारा माणूस बऱ्याचदा चुकल्याचं जाणवल्याशिवाय चालत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर ती घटनाच त्याला आठवत नाही. एमएसच्या पेशंटला ती घटना इतकी स्पष्ट आठवते की तिची भीती बसते. 'मला वेड लागतंय का' असं ज्या तळमळीनं विचारतात, त्यांना वेड लागलेलं नसतं, हे मी त्यांना समोर बसवून सांगितलं असतं. तुम्ही माझ्या वतीनं सांगा.

आता, एमआरआय ठीक, पाय ठीक, मग हे आलं कुठून?

एमएसची तीव्रता मोजायला डॉक्टर जी पट्टी वापरतात ती ईडीएसएस, शून्य ते दहाची. १९८३ साली कुर्ट्झ्के यांनी ती आजच्या रूपात मांडली. चारच्या पुढे या पट्टीवरचा आकडा मुख्यतः चालण्यावर ठरतो: किती मीटर विश्रांतीशिवाय, काठीनं की काठीविना. विचार करण्याच्या वेगाला तिथे जेमतेम कोपरा मिळतो. त्यामुळे 'ईडीएसएस दीड, छान आहे' असं ऐकून घरी आलेली बाई ऑफिसात रोज रडत असते, आणि फाइलमध्ये त्याचा मागमूस नसतो. एमआरआयचंही तसंच. नेहमीच्या स्कॅनमध्ये पांढऱ्या भागातले डाग छान दिसतात. पण मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले डाग बहुतांशी निसटतात, आणि थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागाची हळूहळू होणारी झीज साध्या रिपोर्टात कुणी मोजून लिहीत नाही. 'नवा डाग नाही' याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. तो चांगला आहे, पण त्यातून 'विचारशक्तीवर परिणाम नाही' असा निष्कर्ष निघत नाही.

ही गोष्ट नवी आहे असंही नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची चौकट मांडली, तेव्हाच त्यांनी या रुग्णांची स्मरणशक्ती मंदावते आणि विचार सावकाश आकार घेतात असं नोंदवलं होतं. मग जवळपास शंभर वर्षं वैद्यकानं त्याकडे पाठ फिरवली. १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीफन राओ आणि सहकाऱ्यांनी घरी राहणाऱ्या, म्हणजे रुग्णालयात दाखल नसलेल्या, शंभर पेशंटांच्या रीतसर चाचण्या घेतल्या. त्यातल्या ४३ टक्क्यांमध्ये विचारक्षमतेतली घट दिसली. आज सर्वसाधारण आकडा ४० ते ६५ टक्के असा सांगितला जातो. तुमच्या घरात घडतंय ते या आजारात अगदी नेहमीचं आहे. त्याबद्दल बोललं मात्र क्वचित जातं.

विचारक्षमतेत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त मार बसतो तो वेगाला. मायलिन म्हणजे मज्जातंतूवरचं वेष्टण. वेष्टण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो, वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून एक-दोन मीटर. एमएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती हे वेष्टण ओरबाडते. संदेश पोचतो, पण उशिरा, आणि वेगवेगळ्या वाटांनी निघालेले संदेश एकाच वेळी पोचत नाहीत. विचार करणं म्हणजे मेंदूच्या दूरदूरच्या भागांनी एकाच क्षणी एकमेकांशी बोलणं, आणि नेमकी तीच वेळ चुकते.

आता दादरच्या पुलावर या. संध्याकाळचे सव्वासहा. मागून लोक ढकलतायत, समोरून येणारा लोंढा आहे. वर इंडिकेटर, कानात घोषणा, एक जिना डावीकडे, एक पुढे, फेरीवाल्याचा आवाज, खांद्यावरची पर्स सांभाळायची. तुम्ही-आम्ही यातलं प्रत्येक पाऊण सेकंदात निकालात काढतो. ज्यांना तेवढ्यासाठी दीड-दोन सेकंद लागतात त्यांच्या हातून जिना निघून गेलेला असतो. पहिल्याचा निकाल लागायच्या आत दुसरं, तिसरं येऊन आदळतं आणि मग सगळंच थांबतं. पेशंट याला 'डोकं हँग होतं' म्हणतात आणि तो शब्द अगदी चपखल आहे. वाट पुसली गेलेली नसते. सकाळी साडेसातला, मोकळ्या पुलावर, हीच बाई डोळे मिटून जाईल. तुमच्या पत्नींना विचारून बघा, दोन्ही वेळा संध्याकाळच होती का.

घरात दोघं एकदम बोलल्यावर होणारी चिडचिड याच पोटातली. एकाचं वाक्य पुरतं आत उतरायच्या आधी दुसऱ्याचं सुरू झालं की दोन्ही जातात. आणि कुकरच्या शिट्ट्या! एमएसच्या क्लिनिकमध्ये बसून मला पटलंय की कुकरच्या शिट्ट्या मोजणं ही महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातली सर्वांत अवघड मानसिक कसरत आहे. आकडा मनात धरायचा, मध्येच कांदा चिरायचा, मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, आणि चार मिनिटांनी आकडा पुन्हा काढून त्यात एक मिळवायचा. मनात धरून ठेवणं आणि त्याच वेळी दुसरं काही करणं, याचीच परीक्षा आमच्या महागड्या चाचण्या घेतात. तुमच्या आईंना हे सांगा. लक्ष नसतं असं नाही, एकच लक्ष चार ठिकाणी वाटावं लागतंय आणि वाटणी पुरत नाही.

पण वाट चुकण्यात वेगाशिवाय आणखी एक गोष्ट असू शकते, आणि ती मला जास्त रंजक वाटते.

रस्ता सांगायच्या आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. शहरात म्हणतात, 'सरळ जा, मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा.' गावाकडची म्हातारी माणसं म्हणतात, 'उगवतीच्या अंगाला जा, ओढ्याच्या वरल्या बाजूला घर आहे.' पहिल्या तऱ्हेत सगळं माझ्या अंगाच्या हिशेबानं: माझं डावं, माझं उजवं. दुसरीत मी कुठंही तोंड करून उभा असलो तरी ओढा तिथंच, उगवती तिथंच. डोक्यात गावाचा नकाशा आहे आणि मी त्यातला एक ठिपका. मेंदूही या दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या ठेवतो. मानसशास्त्रज्ञ टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून 'मनातला नकाशा' ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या की ज्या उंदीर ठराविक जागी आला की पेटतात. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात अंतर मोजणाऱ्या, जाळीदार रचनेत पेटणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. नेहमीच्या वाटेवर सवयीनं डावी-उजवी वळणं घेत जाणं हे बरंचसं मेंदूतल्या दुसऱ्या केंद्रांचं काम, पण वाट बदलली, जिना बंद निघाला, उलट दिशेनं यायचं झालं, की नकाशा काढावा लागतो, आणि तो काढतो हिप्पोकॅम्पस.

एमएसमध्ये हिप्पोकॅम्पसचंही मायलिन जातं आणि त्याचं आकारमान घटू शकतं. त्याचा एक परिणाम असा की एकमेकांसारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या म्हणून साठवणं जड जातं. ही बारीक भेद करण्याची क्षमता आजाराच्या सुरुवातीच्या काळातही कमी होऊ शकते. आता दादरच्या पुलांवरचे जिने डोळ्यांसमोर आणा. सारखाच कठडा, सारखीच पाटी, खाली सारखंच छप्पर. एकासारखा दुसरा. ज्याच्या मेंदूत 'हा कालचा जिना' आणि 'हा त्याच्या शेजारचा' असे दोन स्वतंत्र ठसे उमटत नाहीत, त्याला प्रत्येक जिना ओळखीचा वाटतो. अनोळखी जागी माणूस सावध असतो, विचारतो. चुकीच्या जागी ओळखीचं वाटलं की सरळ उतरून जातो. पहिल्या वेळी तुमच्या पत्नी नेमक्या कशा चुकल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आत्मविश्वासानं चुकीच्या जिन्यानं उतरल्या असतील तर मी या बाजूनं विचार करेन.

दादरच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथल्या फलाटांचे क्रमांक बदलले. पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वे, दोन्हींचे फलाट एकपासून मोजले जात. आता पश्चिमेचे एक ते सात आणि मध्य रेल्वेचे त्यापुढे आठ ते चौदा. तुमच्यासारख्यांना आठवडाभर गोंधळ झाला असेल आणि मिटला असेल. एमएसमध्ये मात्र जुनं पक्कं असतं, ते जात नाही, आणि नवं शिकायला जास्त फेऱ्या लागतात. स्मरणाच्या चाचण्यांत हे नेहमी दिसतं: शब्दांची यादी पाठ व्हायला इतरांना चार वेळा ऐकावी लागते तिथं यांना आठ वेळा. पण एकदा पक्की झाली की बहुतेकांना ती अर्ध्या तासानंतरही आठवते. डबा साबूत असतो, तो भरायला वेळ लागतो. घाईत आणि थकव्यात जुना आकडा आधी वर येतो आणि नवा मागे राहतो, एवढंच कधीकधी पुरतं.

इथं एक पोटप्रश्न. आजाराआधी त्यांचं दिशाज्ञान मुळात कसं होतं? मी स्वतः स्वारगेटला भुयारी मार्गातून चुकीच्या तोंडानं बाहेर पडणारा माणूस आहे, मायलिन शाबूत असून. काही माणसं जन्मभर वाटा चुकतात. तुमच्या पत्नी पूर्वी नव्या गावात सहज वाट काढत असतील आणि आता तसं होत नसेल, तर तो बदल महत्त्वाचा. डॉक्टरांना हा फरकच सांगा.

डोकं बाजूला ठेवून जरा पायांकडे आणि डोळ्यांकडेही बघायला हवं. 'चालणं व्यवस्थित आहे' असं घरचे सांगतात तेव्हा मी पेशंटला माझ्यासोबत व्हरांड्यात चालायला लावतो आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगतो. पुष्कळ जण थबकतात, किंवा पाऊल रुंद पडायला लागतं, किंवा वजाबाकी थांबते. तळपायातून येणारी जाणीव थोडी जरी बोथट झाली तरी प्रत्येक पाऊल नजरेनं तपासून टाकावं लागतं. नजर जमिनीवर अडकली की पाट्या बघणार कोण? तसंच डोळ्यांचं. कधीकाळी ऑप्टिक न्युरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेचा दाह, होऊन गेला असेल तर संध्याकाळच्या अंधुक उजेडात पाटीचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग एकमेकांत मिसळतात, जरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे सगळ्यांत खालची ओळ वाचता येत असली तरी. मान झटकन वळवल्यावर दृश्य हलतं का, दोन-दोन दिसतं का, हेही विचारा. यातलं काही सापडलं तर वाट चुकण्याचा अर्धा भाग चष्म्यानं किंवा फिजिओथेरपीनं सुटतो आणि माझ्यापर्यंत यावंच लागत नाही.

मग उष्णता. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये नोंदवलं की व्यायामानंतर काही पेशंटांची नजर तात्पुरती मंदावते. शरीराचं तापमान जरा वाढलं, अर्धा अंशही पुरतो, की मायलिन गेलेल्या तंतूतला संदेश अडखळतो, आणि अंग थंड झालं की पूर्ववत होतो. हे डोळ्यांपुरतं नाही. मे महिन्यातला लेडीज डबा, दाराशी चेंगराचेंगरी, घामानं निथळून पुलावर चढणं. हा नवा अटॅक, म्हणजे एमएसचा नवा उफाळा, नसतो, नवी इजाही होत नसते. पण ते माहीत नसलेली व्यक्ती घाबरते, आणि घाबरलेला मेंदू आणखी मंद चालतो. दिवसभर काउंटरवर आकड्यांशी झुंजून आलेला थकवा यावर चढतो. एमएसचा थकवा झोपेनं भरून निघणारा नसतो, हे तुम्हाला एव्हाना ठाऊक असेलच.

काही कारणं एमएसची वाटतात आणि नसतात, किंवा एमएसच्या औषधांची असतात. लघवीच्या घाईवर ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी चालू असेल तर ती विचारून घ्या. ती मेंदूत शिरते आणि स्मरणावर परिणाम करते, पर्याय उपलब्ध आहेत. स्नायूंच्या ताठरपणावरच्या बॅक्लोफेननं आणि नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेन्टिननं गुंगी येते. बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं इतकं सर्रास आहे की मी रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढे जातच नाही. आणि नैराश्य: एमएस असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हातरी ते गाठतं, ते वेग आणखी कमी करतं, आणि त्यावर इलाज आहे. 'ती पहिल्यापासून हळवी आहे' असं म्हणून यावर पांघरूण घालू नका.

वाट बघू नये अशा दोनच गोष्टी सांगतो. बदल महिन्यांत न होता चार-आठ दिवसांत झाला, तर लगेच न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. तो अटॅक असू शकतो, किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, जो एमएसमध्ये जळजळ न होताही असू शकतो. आणि त्यांना नॅटालिझुमॅब हे एमएसचं औषध चालू असेल तर विचारात, वागण्यात किंवा नजरेत नव्यानं झालेला कुठलाही बदल त्याच दिवशी कळवायचा. त्या औषधासोबत मेंदूच्या एका गंभीर विषाणू संसर्गाचा धोका असतो.

तपासणीचं म्हणाल तर पहिली चाचणी फक्त ९० सेकंदांची आहे. एसडीएमटी. वर नऊ चिन्हं आणि त्यांचे अंक, खाली चिन्हांच्या रांगा, प्रत्येक चिन्हाचा अंक ओळीनं द्यायचा. तोंडी घ्यायला सांगा, म्हणजे हाताचा कंप आड येत नाही, आणि मराठीतून अंक म्हणू द्या. तिच्यासोबत शब्दांची यादी आणि आकृत्या लक्षात ठेवण्याची चाचणी जोडली की बाइकॅम्स हा पंधरा मिनिटांचा संच होतो. २०१२ मध्ये तो साध्या क्लिनिकमध्येही घेता यावा म्हणूनच सुचवला गेला. गुण बँकेतल्या पदवीधर बाईच्या तुलनेत बघितले जातायत ना, हे विचारा. शिक्षण जास्त असलेली माणसं घसरण बराच काळ झाकून नेतात आणि 'नॉर्मल'च्या खालच्या कडेवर पास होतात. एकदा गुण लिहून ठेवले की दर वर्षी तीच चाचणी पुन्हा घेता येते. पुढे चार गुणांनी उतरले तर ती दखल घेण्याजोगी घट मानतात. हे गुण आजच नोंदवून ठेवणं पुढच्या कुठल्याही एमआरआयइतकं उपयोगी आहे, असं माझं मत आहे. एक कबुली: या सगळ्या चाचण्या टेबलावर कागद ठेवून होतात. त्यात उत्तम गुण मिळवून दादरला चुकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे कागदावर ठीक आलं तरी पुलावर जे घडतं ते खोटं ठरत नाही.

गोळी आहे का, असं प्रत्येक जण विचारतो. स्मरणासाठी म्हणून खात्रीनं देता येईल अशी गोळी नाही. अल्झायमरवर देतात ती डोनेपेझिल एमएसमध्ये मोठ्या चाचणीत उतरली नाही, तेव्हा कुणी सहज लिहून दिली तर का ते विचारा. एमएसचं मूळ औषध न चुकवणं, सिगरेटपासून लांब राहणं, झोप, रोजचं चालणं हे आहेच. मेंदूचे व्यायाम म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅपबद्दल मी थंड आहे. त्या खेळात गुण वाढतात, पुलावर वाढलेले मी फारसे पाहिले नाहीत. जे शिकायचंय ते त्याच जागी, लहान तुकड्यांत, अनेकदा करणं याचा उपयोग दिसतो. शब्दांना चित्र आणि गोष्ट जोडून पाठ करण्याची पद्धत एमएसमध्ये अभ्यासली गेली आहे आणि तिनं शिकणं सुधारतं. वाटेलाही ती लागू करता येते.

वाटेची गोष्ट त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत रचायची. तुम्ही लिहून देऊ नका. 'पुलावर चढले की उजव्या हाताला फुलांचा वास येतो, वास मागे पडला की दुसरा जिना माझा.' पाच-सहा वाक्यांच्या वर नको. फलाटाचा नवा आकडा तीत पक्का बसवा. सगळ्यांत जवळची वाट न निवडता सगळ्यांत कमी वळणांची निवडा, दोन मिनिटं जास्त लागली तरी. जाताना प्रत्येक वळणावर मागे वळून बघायचं आणि मोबाइलमध्ये मागचाच फोटो काढायचा, कारण परतताना दिसतं ते मागचं चित्र, आणि ते मेंदूनं साठवलेलंच नसतं. फोनवरचा नकाशा पुलाच्या वरचा मजला आणि खालचा फलाट यांत गोंधळतो, तिथं त्याच्या भरवशावर राहू नये. चालताना फोनवर बोलायचं नाही. तुमचाही फोन उचलायचा नाही, आणि न उचलल्याबद्दल तुम्ही रागवायचं नाही. पुलावर थांबायची एक जागा आधीच ठरवा, भिंतीला टेकता येईल अशी. गोंधळ वाटला की तिथं जायचं, गार पाणी प्यायचं, मानेवर ओला रुमाल ठेवायचा, दोन गाड्या जाऊ द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी हेच केलं होतं, कुणी न शिकवता. लाइव्ह लोकेशन हवं तर चालू ठेवा, पण त्यांच्या संमतीनं. नवऱ्यानं चोरून लावलेलं लोकेशन सापडल्यावर काय होतं याचे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत.

कुकरचं सोपं आहे. शिट्ट्यांऐवजी मिनिटं धरायची आणि टायमर लावायचा. एक माझी पेशंट डब्यातून पाच चिंचोके काढून ओट्यावर ठेवते आणि शिट्टीगणिक एक सरकवते. तिच्या सासूबाईही आता तसंच करतात.

बँकेचं जरा सांगून ठेवतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. याच कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेला नोकरीच्या काळात दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही, आणि कामाच्या जागी वाजवी सोयी करून देणं हे तिचं कर्तव्य ठरतं. सोय म्हणजे प्रत्येक वेळी रॅम्प नव्हे. या आजारात ती बहुधा शांत कोपऱ्यातली खुर्ची, एका वेळी एकच काम, किंवा कामाची वेळ तासभर अलीकडे अशी असते. सहा वाजताची लोकल टळली तर दादरचा निम्मा प्रश्न तिथंच संपेल. कुणाला कधी सांगायचं हे त्यांनी ठरवावं, पण एसडीएमटीचा लेखी रिपोर्ट हातात असू द्या. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, असे अर्ज करून गेलेली माणसं तिथं भेटतील.

आणि आता एकटीनं पाठवण्याबद्दल. एका रविवारी सकाळी सातला दोघं दादरला जा. त्या पुढे, तुम्ही तीन पावलं मागे, तोंड बंद. हात धरायचा नाही, 'अगं इकडे' म्हणायचं नाही. जिथं त्या थबकतील तिथं मनातल्या मनात साठ आकडे मोजा. बहुतेक वेळा तिसाच्या आत पाय आपणहून वळतो. साठ झाले तरच विचारा, 'तुझं पुढचं वाक्य काय होतं?' दुसऱ्या रविवारी जिन्याखाली थांबा, तिसऱ्या रविवारी डोंबिवलीलाच राहा. मग एखाद्या आठवड्यात दुपारच्या गाडीनं, मग संध्याकाळच्या. कुठल्या पायरीवर अडलं ते तारखेसकट लिहून ठेवा, आणि मला किंवा तुमच्या तिथल्या कुणा न्यूरोसायकॉलॉजिस्टला भेटाल तेव्हा तो कागद सोबत आणा. एमआरआयची फिल्म राहिली तरी चालेल.